तोंड स्वतः तपासायचं तर नेमकं काय आणि कुठे बघायचं? (खर्रा, तंबाखू, सुपारीवाल्यांसाठी)

डेपोकट्टा:
आमच्या एसटी डेपोत चालक, वाहक आणि कार्यशाळेतले मिळून दीडशेच्या आसपास माणसं आहेत. निम्म्याहून जास्त जण खर्रा किंवा तंबाखू-चुना खातात, काही जण ‘नुसती सुपारी’वाले. पुढच्या महिन्यात मुख तपासणीचं शिबिर ठरलंय, पण ते एका दिवसाचं. बाकीच्या ३६४ दिवसांसाठी विश्रांतीगृहातल्या आरशाशेजारी एक कागद लावायचाय. तो वाचून माणसाला तीन-चार मिनिटांत आपलं तोंड आपण बघता आलं पाहिजे.

जालावर सापडतं ते सगळं ‘चट्टा, गाठ वा जखम आढळल्यास डॉक्टरांना भेटा’ छापाचं. चट्टा कसा दिसतो, गाठ कुठे चाचपायची, किती दिवस थांबायचं, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, हे कुणी लिहीत नाही. शिवाय ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे आमच्याकडे दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी आहे, त्याला काय उत्तर द्यायचं? जाणकारांनी जरा तपशिलात लिहावं. शिबिराबद्दलही काही सूचना असतील तर हव्या आहेत.

मुखरोग_ओपीडी:
कागदाची कल्पना चांगली आहे, पण सगळ्यात वर एकच गोष्ट मोठ्या अक्षरात येऊ द्या: दुखणं ही खूण धरू नका, तारीख धरा. तोंड आलं की जीव जातो, मिरची लागली की डोळ्यांत पाणी येतं, आणि ते बहुतेक वेळा दहा दिवसांत बरंही होतं. कॅन्सरची सुरुवातीची जखम मात्र पुष्कळदा दुखतच नाही. दुखायला लागते तेव्हा ती खोल गेलेली असते. म्हणून नियम दुखण्याचा नको, दोन आठवड्यांचा हवा. कारण दूर केल्यावर (टोचणारा दात घासून घेतला, कवळी काढून ठेवली, तंबाखूची जागा रिकामी ठेवली) दोन आठवड्यांत जी जखम किंवा चट्टा जात नाही, तो दाखवायचा. दुखो वा न दुखो.

आता तपासणी. चूळ भरून तोंड स्वच्छ करा, कवळी असेल तर काढा, हात धुवा. एक स्वच्छ रुमाल आणि मोबाइलचा टॉर्च लागेल. विश्रांतीगृहातला दिवा डोक्यावर असतो, त्यात तोंडाच्या आत अंधारच दिसतो, म्हणून टॉर्च हवाच. सोबतीला कुणी असेल तर टॉर्च त्याच्या हातात द्या, आपले दोन्ही हात मोकळे राहतात.

सुरुवात तोंड उघडण्यापासून. आपलीच तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) एकत्र धरून उभी करायची आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. तिन्ही गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर तोंड आकसायला लागलंय असं समजा आणि पुढचं काही दिसो न दिसो, दाखवून घ्या. मोजपट्टीवर निरोगी प्रौढाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. ३५ च्या खाली आलं की आम्ही कारण शोधतो.

मग ओठ. खालचा ओठ खाली ओढा, आतली बाजू आणि ओठ-हिरडीमधली खाच बघा. चिमूट तिथे धरणाऱ्यांची पहिली पांढुरकी सुरकुती तिथेच उठते.

गाल बघताना जवळजवळ सगळे एक चूक करतात, तोंड पूर्ण आ करतात. तोंड पूर्ण उघडलं की गालाचे स्नायू ताणले जातात आणि गाल बाहेर ओढताच येत नाही. तोंड अर्धवट उघडा, तर्जनी आकड्यासारखी घालून गाल बाहेर ओढा, आणि गाल व हिरडी यांच्यामधली घळ पुढून पार शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत उजेडात बघा. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरची सगळ्यात ठरलेली जागा हीच. तंबाखूचा बार तासन्‌तास तिथेच बसलेला असतो. अक्कलदाढेच्या मागचा तिकोनी तुकडा हमखास राहून जातो. तो दिसत नसेल तर बोटाने तरी चाचपा.

जिभेसाठी रुमाल. जीभ बाहेर काढून टोक रुमालाने धरा (नुसत्या बोटांत ती निसटते), उजवीकडे ओढून डावी कड मागपर्यंत बघा, मग उलट. जिभेचा कॅन्सर वरच्या पृष्ठभागावर क्वचित होतो, बहुतेकदा कडेला होतो, म्हणून नुसती जीभ बाहेर काढून आरशात बघण्याला फारसा अर्थ नाही. नंतर जिभेचं टोक टाळूला लावा आणि खालची जमीन बघा. शेवटी मान मागे टाकून टाळू.

नुसतं बघणं म्हणजे अर्धं काम. बोट फिरवायचं. गाल आतून तर्जनी आणि बाहेरून अंगठा अशा चिमटीत धरून पुढून मागे सरकत जा. जिभेखाली एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली. तोंडाची त्वचा सगळीकडे मऊ, लवचिक लागते. एखाद्या जागी खाली खडा बसवल्यासारखा कडकपणा लागला तर ती जागा दिसायला कशीही असो, महत्त्वाची आहे. मग जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना कानापासून गळपट्टीपर्यंत बोटांनी चाचपा. सर्दी किंवा दाढदुखीत येणारी गाठ मऊ आणि दुखरी असते, दोन आठवड्यांत ओसरते. कडक, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ हा वेगळा मामला.

चट्ट्यांचे रंग. पांढरा चट्टा कापसाने हलक्या हाताने पुसून बघा. निघून आला आणि खाली लालसर दिसलं तर बहुधा बुरशी (मधुमेही आणि दम्याचा पंप घेणाऱ्यांत जास्त दिसते). पुसून जात नसेल आणि दुसरं कारण सापडत नसेल तर तो ल्युकोप्लाकिया (पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकणारा पांढरा चट्टा) असू शकतो. तंबाखू ठेवायच्या जागेवर पाण्यात भिजलेल्या बोटासारखी सुरकुतलेली पांढरट त्वचा असते. तंबाखू बंद केली तर ती बऱ्याचदा काही आठवड्यांत ओसरते. ओसरत नसेल तर तुकडा तपासावा लागतो. दोन्ही गालांवर जाळीसारख्या बारीक पांढऱ्या रेघा म्हणजे बहुधा लायकेन प्लॅनस (तोंडाच्या त्वचेचा जुनाट दाह). त्याचा धोका कमी, पण वर्षातून एकदा दाखवत राहावं. आणि लाल, मखमलीसारखा चट्टा. लोक पांढऱ्याला घाबरतात आणि लालकडे दुर्लक्ष करतात, खरं तर उलटं हवं. कारण न सापडणारा लाल चट्टा तपासला तर त्यात बहुतेकदा बिघडलेल्या पेशी किंवा कॅन्सरच निघतो. त्यासाठी दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

आणखी काही खुणा ज्या लोक दाताच्या खात्यात टाकतात: एकच दात अचानक हलू लागणं, नीट बसणारी कवळी एकाएकी टोचू लागणं, दात काढलेली जागा महिनाभर न भरणं, खालच्या ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा, कान ठीक असूनही एका बाजूचा कान दुखत राहणं.

घाबरू नये अशाही गोष्टी कागदावर टाका, नाहीतर शिबिरात रांग त्यांचीच लागेल. जिभेच्या मुळाशी उलट्या ‘व्ही’सारख्या रांगेतले मोठे गोल उंचवटे प्रत्येकाला असतात. गालात वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर एक छोटा फुगवटा असतो, ते लाळेच्या नळीचं तोंड. गालात आणि ओठात पिवळट रवाळ ठिपके, गालावर दात मिटतात तिथे आडवी पांढरी रेघ, टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा, हे सगळं निरोगी तोंडात दिसतं. दोन्ही बाजूंना सारखं असेल तर बहुधा ते मूळचंच. एकाच बाजूला असेल तर लक्ष द्या.

महिन्यातून एकदा पुरे. पगाराचा दिवस धरा, लक्षात राहतो. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही आणि उगीच धास्ती मात्र वाढते.

पानटपरी:
बाकी सगळं पटलं, पण नुसत्या सुपारीला यात ओढू नका राव. जेवणानंतर सुपारी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोष तंबाखूचा आहे.

मुखरोग_ओपीडी:
@पानटपरी, ही समजूत इतकी पसरली आहे की तिला वेगळं उत्तर द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (लिऑनमधली) तंबाखूसकट पान १९८५ मध्येच कर्करोगकारक ठरवलं होतं. २००४ मध्ये तिने तंबाखू नसलेलं पान आणि नुसती सुपारीही माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली. म्हणजे तंबाखू बाजूला काढली तरी सुपारी निर्दोष ठरत नाही.

आत काय होतं ते सांगतो. सुपारीतलं अरेकोलिन तोंडाच्या त्वचेखालच्या पेशींना जास्त कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिनाचे धागे) बनवायला लावतं. सुपारीतलं टॅनिन ते कोलॅजेन मोडू देत नाही. सुपारीत तांबंही बरंच असतं, आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट विणणारं एन्झाइम तांब्यामुळे जोर धरतं. बनतं जास्त, मोडतं कमी, विणलं जातं घट्ट. परिणाम म्हणजे गाल आतून चामड्यासारखा होतो. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवातीला नेहमीचं तिखटही झोंबायला लागतं, मग गाल आणि टाळू संगमरवरासारखे फिके दिसतात, बोट फिरवलं तर आत उभ्या दोऱ्या लागतात, शीळ घालता येत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. पुढे तोंड दोन बोटांवर येतं, मग एकावर. यातल्या काहींना कॅन्सर होतो, आणि झाला तर तोंडच उघडत नसल्याने तो दिसायलाही उशीर होतो, ही दुहेरी अडचण.

यावर गालात इंजेक्शनं देतात, लाकडी पट्ट्या दातांत एकावर एक ठेवून तोंड उघडायचे व्यायाम देतात (दिवसातून चार-पाच वेळा, काही दिवसांनी एक पट्टी वाढवत). फायदा होतो, पण सुपारी चालू ठेवून नाही. सुपारी पूर्ण बंद करून झालेला आकस थांबवता येतो. तो मुळापासून पुसून टाकणारं औषध नाही. ‘मुखवास’, ‘गोड सुपारी’, मुलांच्या हातातली चांदीच्या कागदातली सुगंधी सुपारी, सगळी यातच आली.

आणि चुना. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, त्यामुळे निकोटिन झपाट्याने शोषलं जातं. ‘चुन्याशिवाय मजा नाही’ ती यामुळे. त्वचा भाजते ती वेगळीच.

गटप्रवर्तक:
शिबिराच्या बाजूने लिहिते, कारण बऱ्याच शिबिरांचं पाणी मुरतं ते पाठपुराव्यात.

आधी हिशेब. एका तोंडाला नीट बघायला तीन ते चार मिनिटं. दीडशे माणसं म्हणजे एका तपासनीसाला साडेसात ते दहा तास. एवढ्या वेळात शेवटची पन्नास तोंडं कशी बघितली जातील ते कळतंच. म्हणून दोन तपासनीस मागा. प्रत्येकाला दोन लाकडी चपट्या काड्या (एकीने जीभ दाबायची, दुसरीने गाल ओढायचा) म्हणजे ३०० काड्या, थोड्या जास्तच ठेवा. माणसागणिक नवे हातमोजे, हेडलाइट किंवा चांगला टॉर्च, मान मागे टेकेल अशी खुर्ची. ड्यूटीवरून आलेल्याला आधी चूळ भरायला बेसिन आणि बादली. खर्र्याचा चोथा तोंडात असताना काहीही दिसत नाही.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की निम्मे ‘नाही’ म्हणतात. ‘मळून खाता की पुडी? कोणत्या बाजूला धरता? रात्री गालात ठेवून झोपता का?’ असं विचारा. बाजू कळली की ती आधी बघायची. महिला कर्मचारी आणि कर्मचाऱ्यांच्या घरातल्या बायकांना तर तंबाखूचं नाव घेऊन विचारूच नका, ‘दात कशाने घासता?’ असं विचारा. मग मिश्री, गुडाखू, तपकीर सगळं बाहेर येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. दिवसातून चार-पाच वेळा लावणाऱ्याही असतात. प्रौढांच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के निघाले आणि धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत. आपल्याकडे प्रश्न विडी-सिगारेटपेक्षा तोंडात धरायच्या तंबाखूचा आहे.

सरकारी वाट अशी. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तोंड तपासणी आरोग्यवर्धिनी केंद्रात (आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’, म्हणजे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र) फुकट होते. आशा आधी घरोघरी फॉर्म भरते, समुदाय आरोग्य अधिकारी टॉर्चने तोंड बघतात. संशयित दिसलं की ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकाकडे, तिथून जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय दंत महाविद्यालय. नियमात तपासणी पाच वर्षांतून एकदा आहे, पण तंबाखू-सुपारीवाल्याने पाच वर्षं वाट बघायची नसते. वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जाऊन ‘दात नको, तोंड बघा’ असं सांगायचं.

रजिस्टरमध्ये नाव, बाजू, काय दिसलं, मोबाइलवर काढलेला फोटो, आणि दोन तारखा: कधी दिसलं, कधी परत बघायचं. ज्यांना पुढे पाठवायचं त्यांच्या हातात नुसती चिठ्ठी देऊ नका, ती खिशात धुतली जाते. कुठल्या वारी, कुठल्या ओपीडीत, सोबत कोण, आणि त्या दिवशीची ड्यूटी कोण बदलून देणार, हे शिबिराच्या टेबलवरच ठरवा. माणूस अडतो तो पैशापेक्षा रजेपायी.

वाचनमात्र_४२:
पण अशी तपासणी करून मृत्यू कमी होतात याला काही आधार आहे, की नुसतं समाधान?

मुखरोग_ओपीडी:
आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात यावर मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी उजेडात नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. व्यसन नसलेल्यांत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा वेळ आणि माणसं कमी असतील तर व्यसनवाल्यांवर खर्च करा. आणखी एक लक्षात ठेवा: तो फायदा शिकलेल्या माणसाने केलेल्या तपासणीचा होता. आरशातली तपासणी तिच्या जोडीला आहे, तिच्याऐवजी नाही.

टाकेवाला:
बायोप्सीचा (तुकडा काढून तपासण्याचा) मुद्दा माझ्याकडे घेतो.

‘सुरी लागली की पसरतो’ ही समजूत येते कुठून ते आधी सांगा लोकांना, मग ती सुटते. माणूस येतो तेव्हा जखम पाच-सहा महिन्यांची असते. तुकडा काढतात, रिपोर्ट येतो, घरचे घाबरतात, मग महिना-दीड महिना झाडपाला, मंत्र, दुसरं मत, पैशाची जुळवाजुळव. त्या दीड महिन्यात गाठ तिच्या चालीने वाढतेच. परत येताना ती मोठी दिसते आणि दोष सुरीला जातो. वाढवलं ते थांबण्याने. तोंडातल्या जखमेचा छोटा तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. आणि रिपोर्टशिवाय कुठलाही शहाणा सर्जन ऑपरेशनला हात घालणार नाही.

होतं काय ते सांगतो. जागा बधिर करायचं इंजेक्शन, दात काढताना देतात तेच. मग चार ते सहा मिलिमीटरचा तुकडा, जखमेच्या कडेवरून. मधोमधचा भाग सडका असतो, तिथून घेतला तर रिपोर्टमध्ये नुसती सूज येते आणि माणूस सुटकेचा श्वास सोडून घरी जातो. ही चूक होते, म्हणून तुकडा कडेचाच हवा. एखादा टाका किंवा नुसता कापूस दाबून धरणं. पंधरा-वीस मिनिटं. उपाशी यायची गरज नाही, उलट खाऊन या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. रिपोर्ट साधारण आठवड्यात. रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ म्हणतो आणि जखम मात्र कडक आहे, वाढतेय, तर परत तुकडा घ्यायचा. जखमेचं म्हणणं खरं धरायचं.

रिपोर्टवर ‘डिस्प्लेशिया’ असेल तर तो कॅन्सर नव्हे, पेशी बिघडायला लागल्या आहेत. सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या असतात. तीव्र असेल तर तो भाग काढून टाकतात, सौम्य असेल तर व्यसन बंद करून ठरावीक अंतराने बघत राहतात. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ लिहिलं असेल तर तो कॅन्सर. पुढे ‘वेल’ किंवा ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड’ वाचून लोक ‘वेल म्हणजे बरं ना?’ विचारतात. तो पेशींचा प्रकार आहे, आजार किती पुढे गेला ते त्यावरून कळत नाही. ते लांबी-रुंदी, खोली आणि मानेतल्या गाठींवरून ठरतं. २ सेंटिमीटरच्या आत (साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी) आणि ५ मिलिमीटरहून कमी खोल, ही पहिली पायरी. खोलीला इतकं महत्त्व का? वरून लहान दिसणारी गाठ खोल गेली असेल तर मानेत उतरायची शक्यता वाढते.

वाटेत घोटाळे कुठे होतात ते कागदावर नको, पण तुम्हाला माहीत हवं.

हलणारा दात उपटणं. हिरडीतल्या कॅन्सरने दात हलतो, तो काढला की वाट मोकळी होते आणि जागा भरत नाही. तंबाखूवाल्याचा एकच दात विनाकारण हलत असेल तर आधी क्ष-किरण, मग पक्कड.

जखमेवर महिनोन्‌महिने मलम, बी-कॉम्प्लेक्स, माउथवॉश. स्टेरॉइडच्या मलमाने दुखणं दबतं, जखम तशीच राहते. दोन आठवड्यांपुढे मलम नाही.

चट्टा लेझरने जाळून टाकणं, तेही तुकडा न तपासता. नंतर कुणालाच कळत नाही काय होतं ते. तसंच संशयित गाठ दवाखान्यात पूर्ण कापून काढणं. कडा साफ नसतात, आणि पुढच्या सर्जनला मूळ जागा सापडत नाही.

मानेची गाठ आधी सुईने तपासायची, कापून काढायची नाही.

ऑपरेशन हाच मुख्य उपचार. ‘गालाचं आहे, मग मानेला का हात लावता?’ हा नेहमीचा प्रश्न. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यावरच अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मान वरून साफ वाटत असतानाच मानेतल्या गाठी काढल्या त्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. गाठ उठल्यावर मग मान करू, असं थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणून मान. गरज पडली तर नंतर रेडिएशन, साधारण ३० बैठका, आठवड्यातून पाच, म्हणजे सहा आठवडे. रेडिएशनआधी खराब दात काढून जागा भरू द्यावी लागते. नंतर दात काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं.

खर्च: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, रेडिएशन, केमो बसतात. संलग्न रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. पैसे भरून नंतर योजनेत घ्या म्हणालात तर अडचण होते.

सोडाआता:
आरशाच्या कागदावर खाली एक ओळ सोडण्याचीही टाका. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे.

नुसती इच्छाशक्ती सांगून भागत नाही, निकोटिनची तलफ शरीराची असते. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत ओसरते. निकोटिनच्या गोळ्यांचा (च्युइंगम) उपयोग होतो, पण बहुतेक जण त्या चिंगमसारख्या चावून टाकतात, मग उचकी, मळमळ, आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून बंद. पद्धत अशी: हळू चावा, झिणझिण्या आल्या की थांबा, गोळी गाल-हिरडीच्या मध्ये ठेवा. झिणझिण्या गेल्या की परत दोन-चार वेळा चावा, जागा बदलून ठेवा. अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी नको, आंबट पेयांनी आणि चहाने निकोटिन शोषलं जात नाही. चालकांची चूक नेमकी इथे होते, चहाच्या टपरीवरच गोळी तोंडात. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद. दिवसाला २४ च्या वर नाही. तोंड आकसलेल्याला चावणं जमत नाही, त्याला अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी (पॅच) द्यावी. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर.

मिश्री सोडणाऱ्या बायकांची तक्रार एकच, मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही. ती खरी आहे, निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते. पंधरा दिवस रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, आणि आधीच सांगून ठेवणं. सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी डबी परत बाहेर येते.

एकाच बाजूला धरणारे ‘आता बाजू बदलली’ म्हणतात. ते सोडणं नव्हे, दुसरा गाल कामाला लावणं आहे.

डेपोकट्टा:
सगळ्यांचे आभार. मसुदा असा केलाय, बघा:

‘पगाराच्या दिवशी तोंड बघा. १) तीन बोटं उभी जातात का? २) ओठ ओढून खाच. ३) तोंड अर्धवट उघडून गाल, शेवटच्या दाढेमागेपर्यंत. ४) रुमालाने जीभ धरून दोन्ही कडा, मग जिभेखाली, टाळू. ५) बोटाने कडकपणा चाचपा, मान चाचपा. लाल चट्टा, कडक गाठ, आकसलेलं तोंड: याच आठवड्यात दाखवा. बाकी जखम, पांढरा चट्टा: दोन आठवड्यांत गेला नाही आणि दुखत असेल तर दाखवा. हेल्पलाइन १८००-११-२३५६.’

मुखरोग_ओपीडी:
बाकी झकास. ‘आणि दुखत असेल तर’ एवढं खोडा. तेवढ्याने सगळा कागद वाया जाईल.

आणि हलणारा दात, न भरलेली दाताची जागा हेही ‘याच आठवड्यात’च्या ओळीत घ्या.

गटप्रवर्तक:
कागदाशेजारी कॅलेंडर टांगा आणि खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधा. नाव लिहायला कुणी तयार होणार नाही, म्हणून बिल्ला नंबरचे शेवटचे दोन आकडे आणि ज्या दिवशी दिसलं त्या तारखेवर टिंब. चौदा दिवसांनी ते टिंब कुणीतरी बघायचं, हे काम मात्र एका माणसाच्या नावावर असू द्या.